मामंजींचे सात खुंटे

आमच्या स्टेशनच्या अलीकडे अर्ध्या मैलावर रूळ एकदम डावीकडे वळतात. ते वळण कुणी घातलं असं बाहेरच्याने विचारलं, की गावातलं शेंबडं पोरही आमच्या दुकानाकडे बोट दाखवायचं. दुकान म्हणजे फलाटावरची चहाची खोली. एक ओटा, दोन बाकं, काचेच्या बरण्या आणि मी. सत्तावन्न वर्षं मी त्या ओट्यामागे उभी आहे आणि तितकीच वर्षं ती गोष्ट आधी ऐकत, मग सांगत आलेय.

गोष्ट अशी. मामंजी, म्हणजे माझे सासरे, एकोणीस वर्षांचे होते तेव्हा रेल्वेची मोजणी करणारा साहेब तंबू ठोकून राहिला. त्याच्याकडे तिपाईवर बसवलेली दुर्बीण होती आणि लांबलचक लोखंडी साखळी होती. साखळी ओढायला मामंजींना घेतलं. साहेब लाकडी खुंटे ठोकत पुढे जायचा. जिथून खुंटे, तिथून रूळ. खुंटे सरळ चालले होते आणि आमचं गाव दीड मैल बाजूला पडत होतं. तेव्हा एका दुपारी साहेब जेवून घोरत असताना मामंजींनी सात खुंटे उपटले आणि गावाच्या अंगाला नेऊन ठोकले. साहेब उठला, त्याच खुंट्यांवरून पुढे मोजत गेला, आणि रूळ आमच्या दारात आले. स्टेशन आलं, त्यामागून पोस्ट आलं, दवाखाना आला, शाळा आली. माझ्या वाट्याला तिच्यातल्या साडेतीनच यत्ता आल्या, पण तो दोष शाळेचा नाही.

मामंजी स्वतः सांगायचे तेव्हा शेवटी टाळीसाठी हात पुढे करायचे. ते गेल्यावर गोष्ट माझ्या नवऱ्याकडे जायला हवी होती. पण तो सांधेवाला. येणारी गाडी कुठल्या रुळावर घ्यायची तसे सांधे बदलायचं त्याचं काम. दिवसाकाठी तो दहा शब्द बोलला तर त्यातले चार 'हं' असायचे. मग गोष्ट माझ्याकडे आली आणि मी तिला चांगली खाऊपिऊ घालून वाढवली. साहेबाच्या मिशा माझ्या. घोरणंही माझंच.

ही लाईन काही राजेशाही नव्हती. डोंगरातल्या खाणीतला दगड बंदरावर न्यायला घातली, आणि दगडाच्या डब्यांमागे माणसांसाठी एक डबा उपकार केल्यासारखा जोडला. सकाळी एक गाडी जायची, संध्याकाळी तीच परत यायची. कोळशाचं इंजिन आमच्या टाकीवर पाणी प्यायला वीस मिनिटं थांबायचं. त्या वीस मिनिटांत माझे साठ कप जायचे. मग डिझेल आलं. त्याला तहान नाही. मग खाण संपली आणि आठ वर्षं गाडीच बंद. रुळांत कमरेएवढं गवत माजलं, स्टेशनमास्तरांच्या खुर्चीत मांजर व्यायली. मी रोज सहाला दुकान उघडायची. लोक म्हणायचे, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. मी म्हणायची, ज्यांनी वळण घातलं त्यांची सून आहे मी, मी कुठे जाऊ. नवव्या वर्षी दोन डब्यांची गाडी सुरू झाली आणि तेच लोक पहिल्या दिवशी माझ्या बाकावर दाटीवाटीने बसले.

तर आता लाईनला शंभर वर्षं होणार म्हणून रेल्वेने पुस्तक काढायचं ठरवलं, आणि ते लिहायला एक निवृत्त इंजिनिअर पाठवला. उंच, वाकलेला, एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर. आम्ही त्याला चष्मेवाले म्हणायला लागलो. पार्सलच्या जुन्या खोलीत त्यांना टेबल दिलं होतं. तिथे शंभर वर्षांची कागदपत्रं पोत्यांत भरून ठेवलेली, उंदरांनी आधीच वाचलेली. गावात प्रत्येकाने त्यांना एकच सांगितलं, वळणाचं विचारायचं तर चहावाल्या बाईंना विचारा.

ते आले तेव्हा सकाळची गाडी नुकतीच गेली होती. माझा मुलगा तिकिटाच्या खिडकीत बसून कान इकडे लावून होता. सून फाटकावरची पाळी सुरू व्हायच्या आधी चहा प्यायला आली होती. ती फाटकवाली आहे. वळण संपतं तिथे रस्ता रूळ ओलांडतो, तिथली चौकी तिची. ती नोकरी तिला वडिलांच्या जागी मिळाली. वडील इंजिन चालवायचे. बावीस वर्षांपूर्वी ते इंजिन त्याच वळणावर उलटलं आणि ते गेले. पावसाने भराव खचला, असं चौकशीत आलं. पोर तेव्हा अठराची होती. सहा वर्षांनी माझ्या मुलाने तिच्याशी लग्न करायचं म्हटलं तेव्हा मी हरकत घेतली नाही. पोरगी दिसायला बेताची, पण वेळेची पक्की, आणि माझ्या मुलाला कुणीतरी वेळेचं हवंच होतं.

मी हात पुसले, किटली बाजूला ठेवली, गोष्टीला जागा केली.

"सांगते," म्हटलं. "बसा नीट. घाईची गोष्ट नाही."

"मावशी, त्याआधी मला काय अडलंय ते सांगतो," चष्मेवाले म्हणाले. "ते वळण मला कळत नाही. नकाशावर पट्टी ठेवली तर रेषा सरळ जाते. इतकं कडक वळण कुणी उगाच घालत नाही. आणि बावीस वर्षांपूर्वीचा तो अपघात बघा. भराव वीतभरच खचला होता. सरळ रुळावर एवढ्याने इंजिन हेलकावलं असतं, उलटलं नसतं. वळणावर होतं म्हणून गेलं. तेव्हा मला जाणून घ्यायचंय, हे वळण घातलं कुणी आणि कशासाठी."

समोर कुणाची मुलगी उभी आहे, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं.

माझं तोंड उघडंच राहिलं. सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा त्यातून आवाज निघेना. भराव खचला हे मला माहीत होतं. वळण आमचं हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात बावीस वर्षं शेजारी शेजारी राहिल्या आणि मी त्यांची ओळख करून दिली नव्हती.

"सांगा ना, आई," सून म्हणाली. कप बशीत ठेवला, तोही आवाज न करता.

"काय सांगायचं?"

"खुंट्यांची गोष्ट."

"कसले खुंटे? म्हाताऱ्या माणसांच्या गप्पा त्या. साहेब, तुमचा चहा निवतोय."

खिडकीतून मुलगा म्हणाला, "आई, बरं नाही का तुला?"

"तू तिकिटं मोज," मी म्हटलं.

दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. चहात मीठ पडलं. एका गिऱ्हाइकाने तसं सांगितलं, तर त्यालाच म्हटलं, तुझ्या जिभेला काहीतरी झालंय, दाखवून घे. घरी जेवायच्या खोलीत भिंतीवर मामंजींचा फोटो आहे, कोट घातलेला. त्या कोटाखालचा हात टाळीसाठी पुढे आलाय असं मला वाटायला लागलं. मी फोटो उतरवून फडताळातल्या बरण्यांच्या मागे ठेवला.

माझ्या घराने ते वळण घातलं असेल, तर माझ्या सुनेचा बाप माझ्या घराने मारला. इतकं सोपं होतं ते. त्याला कुठून धरलं तरी तेच हाती येत होतं.

तिसऱ्या दिवशी दुकान मुलावर सोपवून मी फाटकाकडे चालत गेले. चौकी म्हणजे एक खिडकी, एक स्टूल, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात लाल आणि हिरवा झेंडा. बाहेर लोखंडी चाक. ते फिरवलं की फाटकाचे दांडे खाली येतात. सून चाकाशीच उभी होती आणि एका ट्रॅक्टरवाल्याला अडवून धरलं होतं.

"ताई, गाडी दिसत पण नाही अजून," तो म्हणत होता.

"तिला तू दिसतोयस, तेवढं पुरे. मागे घे."

गाडी गेली. तिने हिरवा झेंडा गुंडाळला, दांडे वर केले, आत येऊन वहीत वेळ लिहिली. मग माझ्याकडे वळली.

"चालत आलात? गुडघे कोण चोळणार आता?"

"मला बोलायचंय," मी म्हटलं. "मधे बोलू नकोस, नाहीतर राहून जाईल. ती खुंट्यांची गोष्ट खरी असेल तर ते वळण आमचं आहे. आणि वळण आमचं असेल तर तुझे वडील…"

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तेच. लग्नाच्या दिवशी जेवताना तुम्ही ती गोष्ट माझ्या आईला सांगितलीत. आईने हातातला घास ताटात परत ठेवला. तुम्ही म्हणालात, विहीणबाई, एवढ्यात पोट भरलं?"

मी स्टुलावर बसले.

"मला कळलं नव्हतं गं."

"तुम्हाला कळलं नव्हतं, हे मला कळलं होतं. म्हणून तर सोळा वर्षं राहिले."

"तोंड होतं ना तुला? बोलायचं होतंस."

"कुणाला बोलू? ज्यांनी केलं ते भिंतीवर जाऊन बसलेत. आणि तुमच्याकडे मिरवायला ती एकच गोष्ट होती."

"एकच?"

"बरं, दोन. दुसरी तुमचा मुलगा. पण ती तुम्ही माझ्यासमोर मिरवत नाही, मी खरं काय ते सांगेन म्हणून."

दुसरी कुणी असती तर मी तिला तिथेच सुनावलं असतं. पण तिने बोलता बोलता माझ्या पायाखाली वह्यांचा गठ्ठा सरकवला, गुडघे उंच राहावेत म्हणून.

"आई येत नाही आपल्याकडे," ती म्हणाली. "गुडघे, डोळे, शेजारीण आजारी, काहीही सांगते. मी पण ओढून आणत नाही. आणून बसवायची कुठे, तर त्या फोटोखाली. पण एक गोष्ट मला कधीच कळली नाही. ते खरं होतं का? आजेसासरे गेले तेव्हा मी जन्मलेसुद्धा नव्हते. विचारणार कुणाला? त्या दिवशी चष्मेवाल्यांनी विचारलं तर तुम्हीच गप्प झालात."

"लाज वाटली."

"पहिल्यांदाच बघितली तुमची लाज. मला वाटलं, उन्हाने चक्कर आली." तिने घड्याळाकडे बघितलं. "माझी पाळी दोनला संपते. त्यांच्याकडे मोजणीच्या वह्या आहेत म्हणे. जाऊन बघू या."

"आणि खरं निघालं तर?"

"तर निदान कुणावर चिडायचं ते कळेल."

"खरं निघालं तर मी तुझ्या आईच्या दारात जाऊन उभी राहीन," मी म्हटलं. "ती जे बोलेल ते ऐकून घेईन. उलट बोलणार नाही."

"ते मात्र तुम्हाला जमणार नाही," ती म्हणाली.

दोननंतर आम्ही दोघी पार्सलच्या खोलीत गेलो. चष्मेवाले पोत्यांच्या मधे बसून कागदावरची धूळ ब्रशने झाडत होते. सुनेने आपण कोण ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, ते उभे राहिले, कपाळावरचा चष्मा खाली पडला.

"त्या दिवशी मी तुमच्यासमोर…"

"तुम्ही खरं तेच बोललात," सून म्हणाली. "आता पुढचं बघू या."

मग मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. मिशा आणि घोरणं वगळून. सात खुंटे, दुपार, गावाकडे वळलेली रेषा. आयुष्यात इतकी रुक्ष मी ती कधी सांगितली नसेल. सांगताना मी सुनेकडे बघितलं नाही.

चष्मेवाल्यांनी नाकावरचा चष्मा पुसला. "मावशी, तुमच्या सासऱ्यांनी सात नाही, सत्तर खुंटे हलवले असते तरी मोजणीदाराला कळलं असतं. प्रत्येक खुंट्याच्या दोन्ही बाजूंना तो एकेक दगड पुरतो, कुणाला न सांगता. दगडांपासून खुंटा किती अंतरावर ते वहीत लिहून ठेवतो. त्यांना साक्षीदगड म्हणतात. खुंटे गुरं तुडवतात, पोरं उपटतात, लोक चुलीत घालतात. म्हणून हा उद्योग. दुसऱ्या दिवशी सकाळी मागचे खुंटे तपासल्याशिवाय कुणी पुढे मोजत नाही."

"मग ही गोष्ट आली कुठून?"

"ते वहीच सांगेल. सापडली तर."

ती सापडायला तास लागला. मी पोती धरली, सुनेने आत हात घातले, ते पानं उलटत राहिले. कापडी पुठ्ठ्याची, हातभर लांबीची वही होती. शाई विटकरी झालेली. ते बोट ठेवून वाचायला लागले. आधी मनात, मग मोठ्याने.

"'सरळ रेषेत पाणथळ लागली. बारा हातांची काठी पूर्ण आत गेली, तळ लागला नाही. पलीकडे अखंड खडक. रेषा डावीकडे वळवणे भाग आहे. वळण कडक होईल, इलाज नाही.'" त्यांनी वर बघितलं. "हे वळण. साहेबाने स्वतः घातलेलं. आता तुमच्या सासऱ्यांना कामावर कधी घेतलं ते बघतो." चार पानं उलटली. "हे बघा. साखळी ओढण्यास नवा माणूस घेतला. वळण ठरल्यावर अकरा दिवसांनी."

सुनेने टेबलाची कड धरली.

"अकरा दिवसांनी," ती म्हणाली.

"म्हणजे माझा सासरा सरळ सरळ खोटं बोलत होता?" मी विचारलं. माझा स्वर चिडका लागला असेल. पण सासरा खोटा निघाल्याचा आनंद मला पहिल्यांदाच होत होता.

"थांबा, तसंही नाही," चष्मेवाले म्हणाले आणि पुढचं पान वाचताना त्यांचा आवाज हलायला लागला. "'खुंटा एकशे चौदा जागेवरून सहा पावले हललेला आढळला. साखळीवाल्यास विचारता त्याने कबूल केले. त्याचे म्हणणे, खुंटा त्याच्या कांद्याच्या वाफ्यात येतो. त्याच्याकडूनच परत मूळ जागी ठोकवून घेतला. मनुष्य खोडकर आहे, पण साखळी ताठ धरतो, सबब कामावर ठेवला.'"

मी बोटांवर मोजून बघितलं.

"सात नाही?" मी म्हटलं.

"एक."

"आणि गावाकडे नाही?"

"गावापासून लांब. वाफा वाचावा म्हणून."

मी जवळच्या पोत्यावर बसले. ज्या माणसाने गावाला रेल्वे आणली, त्याला रेल्वे आपल्या कांद्यांतून जायला नको होती. आणि तेही जमलं नाही. त्यालाच हातोडा देऊन खुंटा परत ठोकायला लावला. साठ वर्षं तो टाळ्या घेत होता. मी त्याला मनातल्या मनात जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मग मी हसायला लागले, आणि मला थांबता येईना.

सून आधी हसली नाही. तिने वही स्वतःकडे ओढली, पाणथळीच्या ओळीवर बोट फिरवलं. तिला ते जुनं अक्षर लागत होतं की नाही कोण जाणे.

"वळण घातलं नसतं तर?" तिने विचारलं.

"तर पहिल्याच वर्षी इंजिन चिखलात गेलं असतं," चष्मेवाले म्हणाले. "लाईन तिथेच संपली असती. त्याने दुसरं काय करायचं होतं, मला तरी सुचत नाही. पाणथळ होती, खडक होता, आणि बावीस वर्षांपूर्वी पाऊस झाला. यात माणूस कुणी नाही."

"यात माणूस कुणी नाही," ती स्वतःशी म्हणाली. मग तिचे डोळे भरले आणि त्यातच तिला हसू फुटलं. "आई. कांदे."

"गप्प बस."

"सोळा वर्षं मी त्या फोटोकडे पाठ करून जेवतेय. आणि त्या माणसाला कांद्यांची काळजी."

"सोळा वर्षांनी का होईना, घरात कुणीतरी जेवताना सरळ बसेल," मी म्हटलं आणि पदराने तिचं तोंड पुसलं. ते मी कधी केलं नव्हतं. तिनेही पुसू दिलं.

चष्मेवाल्यांनी विचारलं, "मावशी, पुस्तकात काय लिहू? तुमचं नाव खराब व्हायला नको. खुंट्याचा भाग गाळता येईल."

"गाळायचं काही नाही," मी म्हटलं. "सगळं लिहा. साखळी ताठ धरायचा तेही लिहा. आमच्या घरात एक माणूस कामाचा होता, याला लेखी पुरावा पहिल्यांदाच मिळालाय."

"गावात हसतील," सून म्हणाली.

"हसू देत. चहा पिऊनच हसतील ना?"

फलाटावर आलो. ऊन कलायला लागलं होतं. मुलगा खिडकीतून बाहेर झुकून काय झालं, काय झालं विचारत होता; त्याला कुणी काही सांगितलं नाही. सुनेने बाकावर बसून आईला फोन लावला. पाणथळ सांगितली, अकरा दिवस सांगितले, साक्षीदगड सांगितले. पलीकडून काही ऐकू येत नव्हतं. विहीणबाई बोलण्यात माझ्या नवऱ्याच्या वरच्या. शेवटी सुनेने फोन माझ्याकडे दिला.

"आई म्हणतेय, तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मी फोन कानाला लावला. काय म्हणायचं ते ठरवून ठेवलं होतं, ते सगळं विसरले.

"विहीणबाई," म्हटलं, "ते वळण आमच्या घराने घातलेलं नाही. लग्नात मी तुमच्या ताटासमोर जे बोलले ते खोटं होतं. आणि खरं असतं तरी बोलायला नको होतं."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मग तुमचे सासरे करत काय होते तिथे?" त्यांनी विचारलं.

"कांदे वाचवत होते."

"कांदे?"

"कांदे. रूळ त्यांच्या वाफ्यातून जात होते."

मग त्यांच्या आवाजात सोळा वर्षांत न ऐकलेलं काहीतरी आलं. जेवायला नीट बसलेल्या बाईचा आवाज असतो तसा तो होता.

"मग वाचले का?" त्या म्हणाल्या.

"नाही हो," मी म्हटलं. "सगळे गेले."